मुंबईची जुनी गाडी गावात पेट्रोल का पिते? सायलेन्सर बदलण्याआधी हे तपासा

गणपती होतात, चाकरमानी परत जातात, आणि एखादी जुनी गाडी मात्र गावातच राहते. गिरगावातल्या काकांनी नवी गाडी घेतली म्हणून जुनी पुतण्याला दिली, किंवा लालबाग-परळच्या ओळखीतून सेकंडहँड गाडी मिळाली, असे व्यवहार कोकणात दरवर्षी होतात. गाडीचा नंबर एमएच ०१, रंग चकचकीत, मीटरवर किलोमीटरही कमी. महिनाभरात तक्रार सुरू होते : "गाडी पेट्रोल पिते."

मग गाडी गॅरेजला जाते. फिटर खाली वाकून बघतो. सायलेन्सर गंजलेला, मागचा डबा फाटलेला. "हाच बदला, ॲव्हरेज येईल," असं ठरतं. काही हजार रुपये जातात, आवाज थांबतो, पण ॲव्हरेज तेवढंच राहतं.

असं का होतं, याचं उत्तर सोपं आहे. मागचा डबा फाटला तर आवाज वाढतो, ॲव्हरेज सहसा जात नाही. ॲव्हरेज जातं ते पुढे, इंजिनाजवळ काही बिघडलं तर. तिथली वस्तू बऱ्याचदा डब्यापेक्षा स्वस्त असते, फक्त ती शोधावी लागते.

कमी चालणारी गाडी जास्त का गंजते?

मुंबईची गाडी म्हणजे कमी चाललेली गाडी, असं समजून लोक खूश होतात. सायलेन्सरच्या बाबतीत मात्र उलटं आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन धुराबरोबर बाहेर जातं. सीएनजीत तर पाणी आणखी जास्त : एक किलो गॅस जळला की सुमारे सव्वादोन किलो पाणी. सकाळी गाडी चालू केल्यावर मागच्या पाइपातून थेंब पडतात ते हेच पाणी. त्यात काही बिघाड नाही.

गाडी सलग तासभर चालली तर संपूर्ण सायलेन्सर तापतो आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. पण लालबागहून दादर म्हणजे तीन-चार किलोमीटर. मुलांना शाळेत सोडणं, मंडईतून भाजी आणणं, दवाखाना, की परत पार्किंग. एवढ्याशा फेरीत मागचा डबा पुरता तापतच नाही. पाणी आत साचतं, त्यात धुरातले आम्ल पदार्थ मिसळतात आणि पत्रा आतून खायला लागतात. बाहेरून डबा ठीक दिसतो, आत मात्र चाळण झालेली असते.

त्यात गिरगाव चौपाटीकडून येणारी खारी हवा. रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी वर्षभर ती हवा खाते. शिवाय पावसाळ्यात दादर-परळमधला हिंदमाता परिसर पाण्याखाली जातो, हे सगळ्या महाराष्ट्राला टीव्हीवर पाहून माहीत आहे. अशा पाण्यात गाडी बंद पडून उभी राहिली असेल तर सायलेन्सरमध्ये पाणी शिरतं, आणि ब्रेकचे भागही गंजून अडकायला लागतात. गाडी घेताना "कधी पाण्यात उभी होती का?" हा प्रश्न विचारायलाच हवा.

आधी ॲव्हरेज मोजा, मग बोला

डॅशबोर्डवरचा आकडा आणि "पाचशेचं टाकलं, दोन दिवसांत संपलं" हा हिशोब, दोन्हींवर विसंबू नका. पद्धत अशी :

- पंपावर टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वरून थोडं-थोडं टाकू नका.
- ट्रिप मीटर शून्यावर आणा.
- नेहमीसारखी गाडी चालवा. निदान २५०-३०० किलोमीटर होऊ द्या.
- त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशिनवर परत टाकी फुल करा.
- किलोमीटरला नव्याने भरलेल्या लिटरने भागा.

उदाहरणार्थ ३१२ किलोमीटर झाले आणि २४ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १३. असं तीन वेळा करा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. एका टाकीवरून निकाल देऊ नका. सीएनजीच्या गाडीचा हिशोब किलोमध्ये करा.

मीटर बरोबर आहे का, तेही बघा. महामार्गावर दहा किलोमीटरचे दगड मोजा किंवा मोबाइलच्या नकाशावरचं अंतर ताडून पाहा. टायर मूळ मापाचे नसतील तर मीटर चुकीचं अंतर दाखवतो.

फरकाचे पैसे किती होतात? गाडी आधी १७ देत होती, आता १३ देते, आणि महिन्याला ८०० किलोमीटर चालते असं धरू. आधी ४७ लिटर लागत होतं, आता साडेएकसष्ट. म्हणजे साडेचौदा लिटर जास्त. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा हजार.

थोडा फरक पेट्रोलचाही आहे

सगळा दोष गाडीला देऊ नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल मिळतं. त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर सरासरी ६ ते ७ टक्क्यांनी कमी होतं.

म्हणजे १७ देणारी जुनी गाडी आता १६ देत असेल, तर गॅरेजला जाऊन उपयोग नाही. पण १३ वर आली असेल, तर उरलेले तीन किलोमीटर गाडीतल्या बिघाडाने खाल्लेत. शोध त्या तिनांचा घ्यायचा.

गाडीखाली जाण्याआधी फुकटातल्या तपासण्या

टायरची हवा : ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर लिहिलेली हवा भरा. टायर थंड असताना तपासा.

ब्रेक अडकतोय का : सपाट जागी गिअर काढून, हँडब्रेक सोडून गाडी ढकलून बघा. छोटी गाडी एका माणसाने हलली पाहिजे. मग पाच-सहा किलोमीटर कमी ब्रेक वापरून चालवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त गरम लागलं तर तिथला ब्रेक धरतोय. पाण्यातून गेलेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

एअर फिल्टर : गावाकडची लाल माती मुंबईच्या धुळीपेक्षा लवकर फिल्टर भरते. काढून उजेडात धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला.

क्लच : मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहिल्याने क्लच प्लेट घासते. घाटात चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतोय.

थर्मोस्टॅट : हा लपलेला चोर. ट्रॅफिकमध्ये गाडी तापते म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन कधीच नीट गरम होत नाही. गाडीतला कॉम्प्युटर समजतो की इंजिन अजून थंड आहे, आणि जास्त पेट्रोल देत राहतो. पंधरा मिनिटं गाडी चालूनही टेम्परेचरचा काटा खालीच राहत असेल, किंवा थंड इंजिनाचा निळा दिवा जात नसेल, तर फिटरला पहिला प्रश्न हाच विचारा.

प्लग : काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलं तेलकट असेल तर इंजिनात ऑइल जळतंय.

यातलं काहीच सापडलं नाही, तर मग सायलेन्सर लाइनकडे वळा.

सायलेन्सर लाइन : कुठे फाटलं यावर सगळं अवलंबून

इंजिनातून धूर निघतो तो आधी मॅनिफोल्डमध्ये. तिथे किंवा थोडं खाली ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं "कॅट" म्हणतात. मग मधला पाइप आणि शेवटी मागचा डबा.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो हुंगतो आणि कॉम्प्युटरला सांगतो. ऑक्सिजन जास्त दिसला की कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि ते वाढवतो.

आता मॅनिफोल्डचं पॅकिंग जळलं किंवा पुढच्या पाइपाला तडा गेला असं समजा. धूर एकसारखा वाहत नाही, झटक्याझटक्याने निघतो. दोन झटक्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. खरं तर पेट्रोल पुरेसं होतं. ॲव्हरेज जातं ते इथे.

हीच गळती सेन्सर आणि कॅटच्या मागे, म्हणजे मधल्या पाइपात किंवा डब्यात असेल, तर कॉम्प्युटरची फसगत होत नाही. आवाज होतो, धूर नको तिथे येतो, पण ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे चोंदलेला कॅट. प्लग नीट न पेटल्याने कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जात राहिलं, किंवा इंजिन ऑइल जाळत असेल, तर आतली जाळी वितळते किंवा बुजते. धुराला वाट मिळत नाही. गाडी सावकाश चालवताना ठीक वाटते, पण चढाला किंवा वेगात श्वास कोंडल्यासारखी होते.

घरच्या घरी चार परीक्षा

या सगळ्या उघड्या जागेत करा, बंद शेडमध्ये नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

१. सकाळची टिकटिक. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करा आणि बॉनेट उघडून ऐका. इंजिनाजवळून "टिक-टिक-टिक" येते आणि इंजिन तापल्यावर थांबते का? लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते, म्हणून आवाज थांबतो. ही मॅनिफोल्डच्या गळतीची जुनी खूण आहे.

२. काजळीचा डाग. इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. गळती जिथे असते तिथे काळा डाग उमटलेला दिसतो.

३. फडक्याची परीक्षा. नुकत्याच चालू केलेल्या थंड गाडीच्या मागच्या पाइपावर जाड ओलं फडकं तीन-चार सेकंद धरा. दुसऱ्या माणसाने पुढून मागे ऐकत जायचं. जिथे फुसफुस होईल तिथे भोक आहे. कुठेच आवाज नाही आणि फडकं जोरात ढकललं गेलं, तर लाइन शाबूत.

४. ठोकून आणि हलवून. थंड डब्यावर मुठीने हलकेच ठोका. खुळखुळ आली तर आतला पत्रा सुटलाय. पाइप हाताने हलवा. जास्त झुलत असेल तर लटकवणारे रबर गेलेत.

एक सूचना : काही डब्यांना तळाशी छोटंसं गोल भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं, साचलेलं पाणी निघून जाण्यासाठी. त्याला गळती समजून वेल्डिंग मारू नका. ते बुजलं तर डबा आणखी लवकर सडतो.

सव्वाशे रुपयांची परीक्षा : पीयूसीची चिठ्ठी

पीयूसी काढताना बहुतेक जण फक्त तारीख बघतात. त्या कागदावरचे आकडे म्हणजे स्वस्तातला रिपोर्ट आहे. साधारण सव्वाशे रुपयांत तो मिळतो.

पेट्रोल गाडीत दोन आकडे बघा. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि एचसी म्हणजे न जळलेलं इंधन. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाडीला आयडलिंगवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ गाडीला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम.

- सीओ जास्त : पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय.
- एचसी जास्त : प्लग किंवा कॉइल नीट काम करत नाही, पेट्रोल कच्चंच बाहेर पडतंय.
- लॅम्डा १.०३ च्या वर : कुठून तरी बाहेरची हवा मिसळतेय. सायलेन्सरची गळतीही असू शकते.

मुंबईत बीएस-४ हा नियम एप्रिल २०१० पासून लागू झाला, देशभर एप्रिल २०१७ पासून. म्हणून २०१२ ची मुंबईची गाडी आणि त्याच वर्षाची गावाकडे घेतलेली गाडी यांची मर्यादा वेगळी असू शकते. आरसी बुकवर बघून घ्या.

मोबाइलवाल्यांसाठी आणखी एक सोय आहे. २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना स्टेअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर "लाँग टर्म फ्युएल ट्रिम" दिसतो. तो सतत १० च्या वर असेल तर कॉम्प्युटर जादा पेट्रोल देतोय, म्हणजे कुठेतरी हवा शिरतेय. सेन्सर "अंदाजाने" बदलण्याआधी गावातल्या ज्याच्याकडे स्कॅनर असेल त्याच्याकडून हा आकडा बघून घ्या.

काय बदलायचं, कोणत्या क्रमाने?

स्वस्तापासून महागाकडे जा.

लटकवणारे रबर. सगळ्यात स्वस्त. ते तुटले की पूर्ण लाइनचं वजन पुढच्या जोडावर येतं, आणि मग तिथलं पॅकिंग जातं. नवं पॅकिंग टाकताना रबर जुनेच ठेवले, तर काही महिन्यांत पुन्हा तेच काम.

पॅकिंग आणि नटबोल्ट. मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि जोडावरचं रिंग पॅकिंग या काहीशे रुपयांच्या वस्तू आहेत. खरी मेहनत गंजलेले नट सोडवण्याची. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. जोर लावून स्टड तुटला तर खर्च तिप्पट. नवे नट बसवताना तांब्याचा मुलामा असलेले घ्या, ते पुढच्या वेळी सहज सुटतात.

वेल्डिंगचं ठिगळ. पाइपाला बारीक तडा असेल आणि आजूबाजूचा पत्रा घट्ट असेल तरच. आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. तो आत गेला तर तिथे ठिगळ टिकणार नाही. वेल्डिंग गाडीवर नको, पाइप काढून करा. सीएनजी गाडीच्या बाबतीत तर यावर अजिबात तडजोड नको. काढणं शक्यच नसेल तर निदान बॅटरीची वायर सोडायला सांगा, नाही तर कॉम्प्युटर जळतो.

मागचा डबा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो वेगळा सुटतो. पूर्ण लाइन घ्यायची गरज नसते. आधी विचारा : "फक्त मागचा मिळेल का?"

कॅट. सगळ्यात महाग, आणि इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी. "आतली जाळी फोडून टाकू, गाडी मोकळी होईल" असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका.

काळ्या-पिवळीचे दिवस संपले

जाळी फोडायचा किंवा सरळ पाइप टाकायचा सल्ला जुन्या काळातून आला आहे. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ही कार्बोरेटरची गाडी. तिच्यात ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. डबा फाटला की लोहाराने वळवलेला पाइपही चालायचा आणि पेट्रोल स्क्रू फिरवून कमी करता यायचं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

मुंबईत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला तो १ एप्रिल १९९५ पासून. आजच्या गाडीत कॅट फोडला की चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, पीयूसी नापास होते आणि ॲव्हरेज वाढायची खात्री नसते. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं.

आणखी एक. कॅटच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. कॅट बदलावाच लागला तर जुना परत मागा. भंगारात त्याला चांगली किंमत येते, तो गॅरेजमध्ये विसरून येऊ नका. आणि सेकंडहँड गाडी घेताना आधीच्या कोणी कॅट रिकामा केला नाही ना, हे पीयूसी नव्याने काढून बघा.

सामान कुठून आणायचं?

मुंबईत गाड्यांच्या सुट्या भागांचा जुना बाजार गिरगावला लागूनच आहे : ऑपेरा हाऊस, न्यू क्वीन्स रोड, खेतवाडीचा भाग. चर्नी रोड किंवा ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. गिरगाव, लालबागला राहणाऱ्या नातेवाइकाला सांगून सामान मागवता येतं, पण अर्धवट माहिती दिली तर चुकीचा भाग येतो आणि परत पाठवण्यात पैसे जातात. हे व्हॉट्सॲपवर पाठवा :

- आरसी बुकचा फोटो : मॉडेल, वर्ष, इंधन, चेसिस नंबर दिसला पाहिजे. हा फोटो ओळखीच्या माणसालाच द्या.
- जुन्या भागाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून.
- भागावर कोरलेला नंबर असेल तर तो जवळून.

दुकानात तीन प्रकारचा माल असतो : गाडी कंपनीच्या डब्यातला, कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा, आणि लोकल. सेन्सर आणि पॅकिंग पहिल्या दोघांपैकीच घ्या. मागचा डबा चांगला जाड पत्र्याचा लोकल घेतला तरी चालतं. हातात घेऊन वजन बघा, हलका डबा लवकर सडतो. दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि पक्कं बिल घ्या.

पण हिशोब पूर्ण करा. रबर, पॅकिंग, सेन्सर या वस्तू पिशवीत मावतात, मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर येतात. सायलेन्सर लांबलचक असतो. त्याचं पार्सलचं भाडं धरलं तर तालुक्याच्या किंवा कोल्हापूरच्या दुकानातला भाव बऱ्याचदा स्वस्त पडतो.

चोर बाजारात जुने भाग मिळतात. लोखंडी पट्टी, क्लॅम्प यासाठी ठीक. जुना सेन्सर किंवा जुना कॅट घेऊ नका. चालतो की नाही हे दुकानात कळत नाही, आणि बिल नसलेला माल चोरीचा निघाला तर घेणाराही अडचणीत येतो.

ॲव्हरेज गेलं तरी चालेल, पण ही गळती नको

आधी म्हटलं की मागची गळती ॲव्हरेज खात नाही. म्हणून ती तशीच ठेवायची असं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही. तो रक्तातली ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो.

मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासन् तास उभी असते. काचा बंद, एसी चालू, आत सहा माणसं, मागे पोरं झोपलेली. गाडीखाली फुटका पाइप असेल आणि फ्लोअरला गंजाचं भोक असेल, तर धूर आत येतो. सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर ते "गाडी लागणं" समजू नका. काचा उघडा, गाडी बंद करा, बाहेर मोकळ्या हवेत या. कोणाला गुंगी असेल तर थेट दवाखाना.

गावाकडे आणखी एक सवय असते : तांदळाची पोती, फणस, सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधायची. चालत्या गाडीच्या मागे हवा खेचली जाते आणि मागच्या पाइपाचा धूर त्या उघड्या डिकीतून आत येतो. सायलेन्सर नवा असला तरीही. सामान टपावर बांधा, डिकी बंद ठेवा. आणि गाडी चालू ठेवून, काचा लावून आत झोपू नका.

थोडक्यात

तीन टाक्या मोजा. हवा, ब्रेक, फिल्टर, थर्मोस्टॅट, प्लग बघा. पीयूसीची चिठ्ठी वाचा. सकाळी थंड इंजिनाची टिकटिक ऐका. गळती पुढे असेल तर पॅकिंग आणि रबर, मागे असेल तर फक्त डबा. दुरुस्तीनंतर पुन्हा तीन टाक्या मोजा. आकडा वाढला तर काम झालं. वाढला नाही, तर गॅरेजवाल्यासमोर ठेवायला तुमच्या मोबाइलमध्ये सहा आकडे आहेत, आणि पुढची खरेदी अंदाजाने करायची गरज नाही.